मासळीचा मुरघास

या विकांताचा विषय वास मारणारा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरकून घ्या, मग या.

२०२१ सालचा जून महिना. आमचं ऑफिस अजून घरूनच चालू होतं. पुण्यातल्या वन-बीएचकेच्या भिंती बघून बघून कंटाळलो होतो, म्हणून लॅपटॉप उचलला आणि सरळ मामाकडे जाऊन राहिलो. मामाचं गाव रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठाला. नेट फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात यायचं, तेही लाइट असेपर्यंत. त्याच कोपऱ्यासमोर मामाची शेड. एसटीतून रिटायर झाल्यावर त्याने अंड्यांसाठी चारशे कोंबड्या पाळल्या होत्या. माझ्या प्रत्येक मीटिंगला मागून चारशे जणींचा कोरस असायचा. टीममधल्या चेन्नईच्या मुलीला तर आधी वाटलं की माझा माइक खराब आहे.

त्या वर्षी सोयाबीनचे भाव असे काही चढले की पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायची परवानगी दिली, यावरून तुम्हाला अंदाज येईल. अंड्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचाच असतो, आणि खाद्यात सगळ्यात महाग भाग प्रथिनांचा. मामा रोज रात्री वही काढून बसायचा. एकदा जेवताना शांतपणे म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. नाय जमलं तर विकून टाकतो सगळ्या."

आणि इथून दोन किलोमीटरवर जेटी. तिथे मासळी साफ करून देणाऱ्या बायकांच्या पुढ्यात रोज पाट्या भरभरून मुंडकी, आतडी, कल्ले, काटे. कावळे आणि मांजरं खाऊन खाऊन किती खाणार? बाकीचं खाडीत. म्हणजे प्रथिनं दोन किलोमीटरवर फुकट वाहून जात होती आणि मामा तीच प्रथिनं पोत्याने विकत आणत होता. इंजिनियरच्या डोक्याला यात एकच गोष्ट दिसते: इकडे आउटपुट आहे, तिकडे इनपुट आहे, मध्ये फक्त एक पाइप टाकायचा बाकी आहे. पोरगा हुशार आहे असं मामीला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

रात्री नेटवर शोधलं. मासळीचा कचरा, गूळ, दही, बंद पिंप, पंधरा दिवस. सोपं! दुसऱ्या दिवशी सुरमई आणि घोळीची वीसेक किलो मुंडकी आणली, कोयत्याने मुठीएवढे तुकडे केले, एक किलो गूळ, वाटीभर दही, झाकण घट्ट. पाचव्या दिवशी दुपारी क्लायंट कॉलवर असताना बाहेर फाड्कन आवाज झाला. पिंपाचं झाकण शेडच्या कौलांवर. पुढचं वर्णन करत नाही. पीएच मोजायची कागदी पट्टी मी ऑनलाइन मागवली होती, ती नाकावर रुमाल धरून बुडवली. जवळजवळ ७. म्हणजे आंबणं वगैरे काही झालंच नव्हतं, नुसतं सडलं होतं. मामी म्हणाली, "यापेक्षा कोंबड्यांना उपाशी ठेव हो." सगळं माडाच्या मुळात पुरलं. आमच्याकडे पूर्वापार माडाला मासळीचं खत घालतातच, त्यामुळे माड खूश. मी मात्र खूश नव्हतो. कुठे चुकलं हे शोधत गेलो आणि पोचलो थेट फिनलंडला.

*

फिनलंडच्या गाईंची अडचण साधी होती: हिवाळा. पाच-सहा महिने बर्फ, हिरवं गवत नाही, गाईंना वाळकं गवत. दूध आटायचं. आणि लोणी ही फिनलंडच्या निर्यातीतली मोठी वस्तू. मग प्रथिनांसाठी बाहेरून पेंड विकत आणायची. (मामा आठवला ना?) उन्हाळ्यात क्लोव्हरसारखा शेंगवर्गीय चारा भरपूर उगवायचा, प्रश्न तो हिवाळ्यापर्यंत टिकवायचा होता.

चारा टिकवायची एक पद्धत तेव्हाही माहीत होतीच. आपल्याकडचे दूधवाले शेतकरी तिला मुरघास म्हणतात. हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवा काढून खड्ड्यात भरून ठेवायचा. आतले जिवाणू मक्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, सगळं आंबट होतं आणि त्या आंबटपणात सडवणारे जिवाणू टिकत नाहीत. फ्रान्समध्ये ऑग्युस्त गॉफार नावाच्या जमीनदाराने १८७७ साली मक्याच्या मुरघासावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि तिथून ही पद्धत युरोप-अमेरिकेत पसरली. लोणच्याचाच भाऊबंद म्हणा.

पण मक्याला जमतं ते क्लोव्हरला जमत नाही. मक्यात साखर भरपूर. क्लोव्हरमध्ये प्रथिनं जास्त आणि साखर कमी. त्यामुळे लॅक्टिक आम्ल तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर दुसरेच जिवाणू येऊन प्रथिनं फोडतात, ब्युटिरिक आम्ल तयार करतात, आणि चाऱ्याला तो ओळखीचा कुजका वास येतो. तो चारा खाल्लेल्या गाईच्या दुधालाही त्याचा त्रास. म्हणजे ज्या चाऱ्यात खरी प्रथिनं, तोच टिकत नाही. ही शर्यत असते, आणि जो पहिला पोचेल त्याचा खड्डा.

आर्तुरी इल्मारी विर्तानेन हा व्हालियो या दूधसंघांच्या मध्यवर्ती सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करायचा. (सहकारी दूधसंघाच्या लॅबमध्ये बसून नोबेल! आमच्या कोल्हापूरच्या मित्रांनी नोंद घ्यावी.) १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने जे केलं ते ऐकायला अगदीच आडदांड आहे. जिवाणूंनी आम्ल तयार करायची वाट कशाला बघायची? आपणच ओतू. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल पाणी घालून सौम्य करायचं आणि चारा भरतानाच त्यावर शिंपडायचं, असं की पीएच एकदम ४ च्या खाली जाईल. पण ३ च्या खाली नाही, नाहीतर जनावर खाणार नाही. ४ च्या खाली गेलं की प्रथिनं फोडणारे जिवाणूही थांबतात आणि चाऱ्यातली स्वतःची एन्झाइम्सही मंदावतात. शर्यत सुरू व्हायच्या आधीच संपली.

त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून या चाऱ्याला एआयव्ही चारा म्हणतात. दूध, लोणी, गाईची तब्येत, सगळं तपासून बघितलं गेलं, कारण गाईंना ॲसिड खायला घालतोय म्हटल्यावर शेतकरी काय म्हणाले असतील ते मी मामीवरून ओळखू शकतो. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला शेती आणि पोषणाच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी, विशेषतः चारा टिकवायच्या या पद्धतीसाठी मिळालं. युद्ध नुकतंच संपलं होतं, युरोपात अन्नाची टंचाई होती. गुरांच्या चाऱ्याला नोबेल मिळालं याचं आज आपल्याला हसू येईल, तेव्हा कोणाला आलं नसावं.

*

आता मासळी. मासळी म्हणजे क्लोव्हरचा आणखी टोकाचा प्रकार: प्रथिनं ठासून भरलेली आणि साखर जवळजवळ शून्य. म्हणजे शर्यतीत लॅक्टिकवाले जिवाणू धावूच शकत नाहीत, त्यांच्या पोटात काही नाही. माझ्या पिंपात हेच झालं होतं. वीस किलोला एक किलो गूळ म्हणजे पाच टक्के. मी शर्यतीत आपल्या माणसाला एक बिस्कीट देऊन पाठवला होता.

विर्तानेनची ॲसिडची युक्ती मासळीला लावायचं स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात सुरू झालं, पाठोपाठ डेन्मार्कमध्ये. आणि इथे त्यांना एक गंमत सापडली. चाऱ्यावर ॲसिड घातलं की चारा चाराच राहतो. मासळीचा खिमा करून त्यात ॲसिड घातलं आणि ढवळत राहिलं की काही दिवसांत त्याची पेज होते. चक्क पातळ, ओतता येईल अशी. कारण माशाच्या आतड्यांत आणि पोटात स्वतःची पाचक एन्झाइम्स असतात, आणि त्यातली काही आम्लातच चांगली चालतात. ॲसिड जिवाणूंना बाहेर ठेवतं आणि तेवढ्यात माशाचं पोट माशालाच पचवून टाकतं. ताज्या, कमी तेलाच्या मासळीचा कचरा २० अंश तापमानाला साधारण दोन दिवसांत पातळ होतो, १० अंशाला पाच ते दहा दिवस लागतात. वास सडका नाही, किंचित माल्टसारखा येतो.

इथे एक स्पष्ट करतो, कारण मीही आधी गोंधळलो होतो. ही ॲसिडवाली पद्धत म्हणजे आंबवणं नव्हे. यात जिवाणूंना कामच नाही, उलट त्यांना हाकलायचं आहे. आंबवायची पद्धत वेगळी, ती पुढे येते. दोन्हींचा शेवट एकच, पीएच खाली आणि प्रथिनं शाबूत. फक्त आम्ल कोण आणतं, तुम्ही की जिवाणू, एवढा फरक. मग मीठ का नाही, असं कोणी विचारेल. व्हिएतनामी लोक मीठ घालूनच मासळीचा न्युओक माम करतात, रोमन लोकांचा गारुम तसाच. पण ते थेंबभर भातावर घ्यायला. टिकण्याएवढं मीठ घातलेली मासळी कोंबडीला पोटभर घातली तर कोंबडी टिकणार नाही.

सुरुवातीला सल्फ्युरिकसारखी खनिज आम्लं वापरायचे. स्वस्त, पण पीएच इतका खाली न्यावा लागायचा की जनावराला देण्याआधी खडूची पूड घालून आंबटपणा मारावा लागे. फॉर्मिक आम्ल महाग, पण ते पीएच ४ लाच काम भागवतं आणि तसंच खाद्यात मिसळता येतं. वजनाच्या साधारण साडेतीन टक्के पुरतं. हे तेच आम्ल जे मुंग्या चावताना सोडतात. सतराव्या शतकात लोकांनी मुंग्यांचा अर्क काढून ते पहिल्यांदा मिळवलं आणि नावही मुंगीच्या लॅटिन शब्दावरून पडलं. लहानपणी आंब्यावर चढताना हुमल्यांनी मला जे काही टोचलंय त्यात चार मासे तरी नक्की टिकले असते.

आणि माझी दुसरी चूक इथेच सापडली. हाडं! हाडांमधलं कॅल्शियम आम्लाला खाऊन टाकतं. कचऱ्यात हाडं जितकी जास्त, तितकं आम्ल जास्त लागतं. मी निवडून निवडून मुंडकीच आणली होती, कारण ती उचलायला सोपी. तिसरी चूक तुकड्यांची. आम्ल बाहेरून आत शिरायला वेळ लागतो, मुठीएवढ्या तुकड्याचा गाभा तोवर आरामात सडतो. खिमाच हवा. म्हणजे गूळ कमी, हाडं जास्त, तुकडे मोठे. इतक्या बगांसहित मी थेट प्रॉडक्शनला गेलो होतो.

*

डेन्मार्कमध्ये १९४८ पासून मासळीचा मुरघास विकण्यासाठी तयार होऊ लागला. हा देशच या कामासाठी बनल्यासारखा आहे. देशातलं कुठलंही ठिकाण समुद्रापासून साधारण पन्नास किलोमीटरच्या पलीकडे नाही, आणि डुकरं माणसांपेक्षा जास्त. बंदरावरची पेज टँकरमध्ये भरा, तासाभरात डुकरांच्या गोठ्यात.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या पद्धतीचा खरा शत्रू सडणं नाही. खरा शत्रू पाणी. मासळीच्या मुरघासात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं आणि प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास. एक टन नेलात म्हणजे आठशे लिटर पाणी डिझेल जाळून फिरवलंत. याउलट फिशमील, म्हणजे मासळी शिजवून, दाबून, वाळवून केलेली पूड. साधारण पाच टन मासळीतून एक टन पूड होते, ती पोत्यात भरून जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवता येते. पण फिशमीलला कारखाना लागतो, बॉयलर लागतो, इंधन लागतं आणि रोजचा भरपूर माल लागतो. मुरघासाला पिंप, खिम्याचं यंत्र आणि ॲसिड. एक मेनफ्रेम, दुसरा पीसी. पण पीसीमध्ये पाणी भरलेलं.

त्यामुळे जोवर फिशमील स्वस्त होतं तोवर डेन्मार्कसारखी जागा सोडली तर मुरघासाला फारसं कोणी विचारलं नाही. आणि फिशमील स्वस्त होतं, कारण पेरू.

पेरूची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे, पण थोडक्यात सांगतोच. तिथल्या थंड समुद्रात अँकोव्हेटा नावाचे बोटभर मासे प्रचंड संख्येने असतात. १९५० आणि ६० च्या दशकांत किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने उभे राहिले, चिंबोतेसारखं गाव बघता बघता जगातलं मोठं मासेमारी बंदर झालं. लुईस बान्चेरो रोस्सी नावाचा माणूस यात अफाट श्रीमंत झाला, आणि १९७२ च्या नववर्षदिनी त्याचा खून झाला. (हा खूनसुद्धा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आजच्या लेखातून बरेच लेख निघतील असं दिसतंय.) १९७० साली अँकोव्हेटाची पकड १ कोटी २० लाख टनांच्या घरात होती. सगळी मासळी भट्टीत, तिथून युरोप-अमेरिकेच्या कोंबड्यांच्या पोटात.

१९७२ मध्ये एल निन्यो आला. समुद्राचं पाणी तापलं, अँकोव्हेटा नाहीसे झाले. आधीच्या अतिरेकी मासेमारीने कंबर मोडलेली होतीच. १९७३ ची पकड २० लाख टनांच्या आत. मे १९७३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने सगळा उद्योग सरकारच्या ताब्यात घेतला. फिशमीलचे भाव आभाळाला भिडले, लोक सोयाबीनकडे धावले, सोयाबीनचेही भाव चढले, आणि जून १९७३ मध्ये निक्सनच्या सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. पेरूच्या समुद्रात पाणी तापतं आणि त्याने सगळ्या जगाच्या कोंबड्यांचं खाद्य महाग होतं. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडे पण वही घेऊन बसणारे होते म्हण की." त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विर्तानेन वारला.

या धक्क्यानंतर लोकांना जुनं पिंप आठवलं. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला टोरी रिसर्च स्टेशन नावाची मासळीवर काम करणारी सरकारी संस्था होती. १९७४ मध्ये तिथल्या टॅटरसन आणि विंडसर या दोघांनी मासळीच्या मुरघासावर शोधनिबंध लिहिला. टोरीची धंदेवाल्यांसाठी छोटी सल्लापत्रंही निघायची, त्यातलं एक याच विषयावर आहे. मला ते वाचायला फार आवडलं. मोजून चार पानं, एकही शब्द वाया नाही. खिमा किती बारीक, ॲसिड किती, टाकी कशाची, हातमोजे घाला, तेलकट मासळी असेल तर तेल काढून घ्या नाहीतर डुकराच्या मटणाला मासळीचा वास येईल. आपल्या प्रोजेक्टची डॉक्युमेंटेशन अशी कोणी लिहिली तर मी त्याच्या घरी पाणी भरेन.

ब्रिटनमध्ये तरीही हे फार फोफावलं नाही. मोठ्या बंदरांतला कचरा फिशमीलचे कारखाने उचलायचेच. मुरघास उरला तो लहान, आडबाजूच्या बंदरांसाठी, जिथे रोजचा माल कारखान्याला पुरेल एवढा नाही पण फेकण्याएवढा थोडाही नाही. म्हणजे आमच्या जेटीसारख्या.

*

आणि मग ही गोष्ट उष्ण देशांत आली, आणि इथे ती खऱ्या अर्थाने आंबली.

कोळंबी पकडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीच्या कितीतरी पट बारीकसारीक मासळी येते. ७० च्या दशकात आग्नेय आशियात ती मोठ्या प्रमाणात परत समुद्रात टाकली जायची. तिचा मुरघास करावा या विचाराने तिथे बरंच काम झालं, १९७९ मध्ये जकार्ताला खास याच विषयावर कार्यशाळा झाली. पण इथे फॉर्मिक आम्ल आयात करावं लागायचं, महाग पडायचं, आणि खेड्यातल्या मच्छीमाराच्या घरी ॲसिडचा कॅन ठेवणं म्हणजे पोराबाळांच्या अंगाशी खेळ.

मग उलट बाजूने विचार सुरू झाला. ॲसिड ओतण्याऐवजी लॅक्टिकवाल्या जिवाणूंनाच पोटभर खायला दिलं तर? मासळीच्या खिम्यात उसाची मळी, किंवा कसाव्याचं पीठ, किंवा शिजवलेला भात, आणि विरजण म्हणून चांगले जिवाणू. मळी कमीत कमी दहा टक्के तरी. उष्ण हवेत जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे जी गरमी सडायला मदत करते तीच आंबायलाही करते. दोन-तीन दिवसांत पीएच साडेचारच्या खाली आला तर जिंकलात. नाही आला तर झाकण कौलांवर. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या रा आणि गिल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये या सगळ्या पद्धतींचा मोठा आढावा घेतला. बर्फाच्या देशातल्या माणसांनी उसाच्या मळीवर लिहिलेलं कोकणातल्या पडवीत बसून वाचायला मजा आली.

नॉर्वेत ही पद्धत आजही जोरात चालते, कारण तिथे साल्मनच्या पिंजऱ्यांत मेलेले मासे आणि साफसफाईतला कचरा फॉर्मिक आम्लात टाकतात आणि बोटी येऊन तो टाक्यांतून गोळा करून नेतात. रस्ता नाही, घाट नाही, पाणी पाण्यावरूनच जातं. पण मॅड काऊ रोगाच्या अनुभवानंतर युरोपीय संघाने २००२ मध्ये कडक नियम केले. पिंजऱ्यात आपोआप मेलेल्या माशांचा मुरघास माणूस ज्यांना खातो अशा जनावरांना घालता येत नाही, तो बायोगॅससारख्या कामाला जातो. हा नियम मला पटतो. रोगी काय आणि निरोगी काय, पिंपात सगळं सारखंच दिसतं.

*

आपल्याकडे कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून आहे, आणि त्यांनी मासळीच्या मुरघासावर काम केलेलं आहे, खाद्यासाठी आणि झाडांवर फवारायलाही. फवारणीचा प्रकार तर आपले शेतकरी घरीच करतात: मासळी आणि गूळ समसमान, महिनाभर ठेवायचं, गाळायचं. फिश अमिनो म्हणतात. माझा पहिल्या वेळचा गोंधळ काही अंशी यामुळेच होता. मी फिश अमिनोची कृती, ॲसिडची कृती आणि कोणाच्या तरी व्हिडिओतला गुळाचा आकडा असं तीन ठिकाणचं कॉपी-पेस्ट केलं होतं.

महाराष्ट्राकडे बघितलं तर वाटतं, यांच्याकडे काय नाही? इकडे ७२० किलोमीटरचा किनारा म्हणून शाळेत पाठ केलेला, तिकडे साखर कारखाने. मासळी आहे, मळी आहे. पण मळी म्हणजे दारूचा कच्चा माल, त्यामुळे ती उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली. मामाला दोन बादल्या मळी हवी म्हणून कोण परवाने काढत बसणार? आणि मळी कोल्हापूर-सांगलीला, मासळी रत्नागिरीला, मध्ये सह्याद्री. ८० टक्के पाणी आंबा घाटातून वर चढवायचं, की मळी खाली उतरवायची? डेन्मार्कचा पन्नास किलोमीटरचा सपाट रस्ता मला त्या दिवशी पहिल्यांदा संपत्ती वाटला. फॉर्मिक आम्ल मात्र कोकणात अगदीच अनोळखी नाही. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत आणि रबराचा चीक गोठवायला ते वापरतात. पण घरात मामाची नातवंडं होती, तेव्हा ॲसिडचा विषय मामीने दोन शब्दांत संपवला.

मग दुसरं पिंप लावलं, सप्टेंबरात. यावेळी आधी गुरांच्या डॉक्टरांशी बोललो. ते हसले, पण त्यांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या: ताजाच कचरा घे, जेटीवर दुपारपर्यंत पडलेला नाही. आणि पीएच खाली आला नाही तर कोंबड्यांना घालू नकोस, फेक. मुंडकी वगळली. आतडी आणि बारीक मासळी घेतली, खिम्याच्या यंत्रातून दोनदा काढली. शंभराला पंधरा या हिशोबाने कोल्हापुरी गूळ. आदल्या दिवशी गुळाच्या पाण्यात दही घालून विरजण वेगळं तयार केलं, ते आंबल्यावरच ओतलं. झाकणाला भोक पाडून नळी बसवली, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. वाइनवाले करतात तसं. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही, कौलं सुरक्षित.

तिसऱ्या दिवशी पट्टीचा रंग बदलला. साडेचार. आठवड्याने चार आणि साडेचारच्या मध्ये. आत तपकिरी पेज, वास आंबट, थोडा काकवीसारखा, थोडा सुकटीसारखा. मी चाखून बघितली नाही, पण एक क्षण विचार आला होता हे कबूल करतो. कोंड्यात कालवून उन्हात वाळवली आणि खाद्यात थोडी थोडी मिसळली. कोंबड्या तुटून पडल्या. मामा शेडच्या दारात बसून बराच वेळ नुसता बघत होता. त्या रात्री वहीत त्याने एक नवीन रकाना आखला.

दोन महिने चाललं. मध्ये एकदा तारल्या स्वस्त मिळाल्या म्हणून नुसत्या तारल्यांचं पिंप लावलं आणि मिसळायचं प्रमाणही वाढवलं, तर ऑम्लेटला मासळीचा वास यायला लागला. टोरीच्या चार पानांत हे तेलाचं लिहिलेलं होतंच, मी ते डुकरांपुरतं समजून सोडून दिलं होतं. मामीने ते ऑम्लेट माझ्यापुढेच ठेवलं. संपवलं मी.

जानेवारीत ऑफिसने पुण्याला परत बोलावलं. जेटीवर सकाळी सहाला जाऊन ताजा कचरा उचलायचा, खिमा करायचा, पिंप ढवळायचं, वाळवायचं, हे सगळं मी करत होतो. पगार आयटी कंपनी देत होती, म्हणून मामाच्या वहीत मजुरीचा रकाना शून्य दिसत होता. मामा चौसष्टचा, गुडघे दुखतात. त्याने महिनाभर एकट्याने चालवून बघितलं. मग फोनवर म्हणाला, "पंचवीस किलोची पाटी आता नाय रे उचलवत." मेमध्ये कोंबड्या विकल्या. पन्नासेक ठेवल्यात, घरच्या अंड्यांपुरत्या, त्या अंगण उकरून खातात.

गेल्या गणपतीत गेलो होतो तेव्हा पिंप दिसलं. मामी त्यात आता भाताचा कोंडा ठेवते. झाकण मात्र मामा अजूनही तिला घट्ट लावू देत नाही.